जुन्या एसयूव्हीतील इंजिनाचे अतितापन

अंतर्ज्वलन इंजिनात निर्माण होणारी उष्णता शीतलन यंत्रणेकडून पुरेशा वेगाने बाहेर टाकली गेली नाही, तर इंजिनाचे तापमान सुरक्षित मर्यादेपलीकडे जाते. या स्थितीस इंजिनाचे अतितापन म्हणतात. बोलीत तिला ‘गाडी गरम होणे’ किंवा ‘गाडी तापणे’ असे म्हटले जाते. प्रस्तुत लेख पंधरा-वीस वर्षे वा त्याहून अधिक काळ वापरात असलेल्या एसयूव्ही प्रकारच्या वाहनांतील अतितापन, त्याची कारणे आणि त्यांचा शोध घेण्याची पद्धत यांविषयी आहे.

अतितापन हा स्वतः बिघाड नसून अन्य बिघाडाचे लक्षण असते. ते दुर्लक्षित राहिल्यास सिलिंडर हेड वाकणे, हेड गॅस्केट जळणे, पिस्टन सिलिंडरात घासून अडकणे असे महागडे परिणाम होतात. मूळ दोष मात्र अनेकदा एखाद्या सैल पट्ट्यात, झिजलेल्या रबरी नळीत किंवा रेडिएटरच्या झाकणात असतो. त्यामुळे सुटे भाग एकामागून एक बदलत जाण्यापेक्षा गाडी नेमकी कोणत्या परिस्थितीत तापते हे आधी निश्चित करणे अधिक फलदायी ठरते.

जुन्या एसयूव्हीत हा दोष अधिक का आढळतो

भारतात टाटा सुमो (१९९४), टाटा सफारी (१९९८), महिंद्रा बोलेरो आणि टोयोटा क्वालिस (दोन्ही २०००) व महिंद्रा स्कॉर्पिओ (२००२) या गाड्यांनी एसयूव्ही व बहुपयोगी वाहनांचा वर्ग रूढ केला. त्याआधीच्या जीप वर्गातील गाड्या याच परंपरेच्या पूर्वसूरी होत. स्वतंत्र चासी, उभट व वाऱ्याला मोठा अडथळा करणारा आकार, जास्त वजन आणि माल वा प्रवाशांचा मोठा भार ही या गाड्यांची समान वैशिष्ट्ये आहेत. इंजिनावर भार जास्त पण गाडीचा वेग कमी, म्हणून समोरून येणारी हवाही कमी, ही शीतलन यंत्रणेसाठी सर्वांत कठीण परिस्थिती होय. चढणीवर, चिखलात, किंवा दाटीवाटीने प्रवासी भरून धावणाऱ्या वडाप गाडीत ती नित्याची असते.

यात वयाची भर पडते. रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतात, पंपाची पाती झिजतात, रबर कडक होते. शिवाय इतक्या वर्षांत गाडी अनेक हातांतून गेलेली असते आणि प्रत्येक दुरुस्तीत काहीतरी बदललेले असते: कुठे मूळ मापाचा नसलेला रेडिएटर, कुठे काढून टाकलेला थर्मोस्टॅट, तर कुठे पंख्याभोवतीचे हरवलेले आवरण. नव्या गाडीत बहुधा एकच दोष असतो. जुन्या गाडीत तीन-चार किरकोळ दोष एकत्र नांदतात आणि त्यांपैकी कोणताही एकटा गाडी तापवण्याइतका मोठा नसतो. निदान चुकण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे.

यंत्रणेची रचना

इंधनातील ऊर्जेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांश ऊर्जा उपयुक्त कार्यात रूपांतरित होते, जवळपास तेवढीच धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेल्या ऊर्जेचा मोठा भाग इंजिनाच्या धातूतून शीतलकात, म्हणजे व्यवहारात ज्याला कूलंट म्हणतात त्या द्रवात, उतरतो. वॉटर पंप हा द्रव सिलिंडरांभोवतीच्या पोकळ्यांतून वर हेडकडे ढकलतो. तेथून तो थर्मोस्टॅटमार्गे वरच्या होज पाइपातून रेडिएटरमध्ये येतो आणि थंड होऊन खालच्या होज पाइपातून पुन्हा पंपाकडे जातो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो व द्रव बायपास मार्गाने इंजिनातच फिरत राहतो. अशा इंजिनांचे नेहमीचे कार्यतापमान ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते.

असंख्य बारीक नळ्यांच्या रेडिएटरची कल्पना विल्हेल्म मायबाख यांनी रूढ केली. त्यांनी १९०० साली आरेखित केलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीझ गाडीच्या रेडिएटरात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. आजच्या रेडिएटरांचे तत्त्व तेच आहे: पाण्याची धार लहान करणे आणि हवेला भिडणारा पृष्ठभाग वाढवणे. जुन्या गाड्यांतील रेडिएटर तांबे-पितळेचे व डाख देऊन जोडलेले असत. नंतर ॲल्युमिनियमचा गाभा व प्लास्टिकच्या टाक्या आल्या. पहिला प्रकार डाख देऊन अनेकदा दुरुस्त करता येतो. दुसऱ्यात टाकी तडकली तर ती बदलावीच लागते.

या पिढीतील बहुतेक एसयूव्हींत इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असल्याने पंखा पट्ट्याच्या साहाय्याने इंजिनाकडूनच फिरवला जातो. अनेक गाड्यांत त्याच्या मध्यभागी व्हिस्कस क्लच असतो. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की या क्लचवरील द्विधातू पट्टी आतील सिलिकॉन तेलाची वाट मोकळी करते, तेल चकत्यांमध्ये शिरते आणि पंखा इंजिनाबरोबर वेगाने फिरू लागतो. हवा थंड असताना तो जवळपास सुटा असतो, त्यामुळे इंधन वाचते व आवाज कमी होतो.

दाब आणि उत्कलनबिंदू

रेडिएटरचे झाकण हे निव्वळ झाकण नसून दाब नियंत्रित करणारी झडप असते. यंत्रणेतील दाब वाढला की द्रवाचा उत्कलनबिंदू वाढतो. सुमारे ०.९ बार क्षमतेचे झाकण नीट काम करत असेल, तर समुद्रसपाटीवर साधे पाणीही ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण खुल्या हवेतच सुमारे १०७ अंशांना उकळते आणि दाबाखाली त्याची मर्यादा आणखी वाढते. झाकणाचे रबर चिरले किंवा स्प्रिंग थकली, तर हे सारे संरक्षण नाहीसे होते. द्रव शंभर अंशांच्या आसपासच उकळू लागतो, वाफेमुळे पाणी टाकीतून बाहेर फेकले जाते आणि चालकाला ‘गाडी पाणी पिते’ असे वाटते. सर्वांत स्वस्त भाग असूनही झाकणाची तपासणी सहसा सर्वांत शेवटी होते.

झाकणात दुसरी, उलट दिशेने उघडणारी लहान झडपही असते. इंजिन थंड होऊन द्रव आकुंचन पावला की ती उघडते आणि बाजूच्या प्लास्टिकच्या डब्यातील शीतलक आत ओढला जातो. ती अडकल्यास आत निर्वात निर्माण होऊन होज पाइप चपटे होतात. डबा भरलेला असूनही रेडिएटर रिकामा राहण्यामागे बहुधा हीच झडप किंवा डब्याकडे जाणाऱ्या नळीतील चीर असते.

समुद्रसपाटीपासूनची उंचीही येथे महत्त्वाची ठरते. उंचीच्या दर ३०० मीटरांमागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने घटतो. लडाखमधील खारदुंग ला या सुमारे ५,३६० मीटर उंचीच्या खिंडीत उघड्या भांड्यातील पाणी साधारण ८२ अंशांनाच उकळते. अनेक इंजिनांचे थर्मोस्टॅट याच तापमानाला उघडू लागतात. झाकण गळत असलेली गाडी तेथे थर्मोस्टॅट पुरता उघडण्याआधीच उकळू शकते. मैदानात निर्दोष वाटणाऱ्या गाड्या हिमालयात तापतात, त्यामागे अनेकदा इंजिनाचा दोष नसून झाकणाचा असतो.

केव्हा तापते यावरून कारणाचा शोध

गाडी थांबलेली किंवा वाहतूक कोंडीत रेंगाळत असताना तापते, पण मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, अशा वेळी दोष हवेच्या बाजूला असतो. वेग असताना समोरून येणारा वारा पंख्याची उणीव भरून काढतो आणि गाडी थांबताच ती उघडी पडते. निकामी झालेला व्हिस्कस क्लच, सैल पट्टा, तुटलेली पाती, विजेच्या पंख्याचा जळालेला फ्यूज वा रिले, तसेच पंख्याभोवतीचे आवरण नसणे ही येथील नेहमीची कारणे होत. आवरण नसेल तर पंखा रेडिएटरच्या पूर्ण पृष्ठभागातून हवा खेचत नाही. पात्यांच्या टोकांभोवती तीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरत राहते.

याउलट कोंडीत ठीक, पण महामार्गावर वेग धरताच किंवा भार वाढताच तापणारी गाडी पाण्याच्या बाजूचा दोष दाखवते. हवा भरपूर आहे, पण उष्णता तिच्यापर्यंत पोहोचत नाही. रेडिएटरच्या नळ्या तुंबलेल्या असणे, पंपाची पाती गंजून झिजलेली असणे किंवा खालचा होज पाइप पंपाच्या ओढीने आत चेपला जाणे या शक्यता येथे तपासाव्यात. खालच्या होजमध्ये चेपणे टाळण्यासाठी अनेक गाड्यांत तारेची स्प्रिंग असते. ती गंजून गेल्यावर नवीन होज स्प्रिंगविना बसवला जातो. उभ्या गाडीत एक्सिलरेटर दाबून इंजिनाची गती वाढवली असता हा दोष डोळ्यांना दिसतो.

केवळ चढणीवर तापणे हे सर्वांत संदिग्ध लक्षण आहे. यंत्रणेची एकूण क्षमता घटलेली असली तरी, आणि हेड गॅस्केटमधून ज्वलनवायू गळत असला तरी, दोन्ही दोष प्रथम चढणीवरच प्रकटतात. इंजिन सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा तांबड्या पट्ट्याकडे गेला, तर बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट, यंत्रणेत अडकलेली हवा किंवा गॅस्केट यांचा संशय घ्यावा. रेडिएटर कितीही तुंबलेला असला तरी इतक्या लवकर गाडी तापवत नाही.

काटा खरे सांगतो का, हा प्रश्न सुरुवातीलाच सोडवणे इष्ट असते. तापमान संवेदकाचा विद्युत रोध तापमान वाढले की घटतो. त्यामुळे जुन्या वायरिंगमध्ये संवेदकाची तार इंजिनाच्या धातूला टेकली तर काटा थेट टोकाला जातो, आणि तार तुटली तर तो थंडावरच राहतो. याहून धोकादायक परिस्थिती शीतलक पूर्ण संपल्यावर निर्माण होते. संवेदकाभोवती द्रव न राहता वाफ वा हवा राहिली की काटा खाली येऊ शकतो. गाडी थंड झाली असे समजून चालक पुढे जातो आणि काही किलोमीटरांत इंजिन जाम होते. चढत गेलेला काटा कारणाशिवाय अचानक उतरला, तर तो दिलासा न समजता गाडी थांबवण्याची सूचना समजावी.

तपासणीचा क्रम

तपासणी नेहमी थंड इंजिनावर सुरू करतात. प्रथम रेडिएटरमधील आणि डब्यातील पातळी, मग गळतीच्या खुणा पाहतात. शीतलक वाळल्यावर पांढरट, हिरवट वा गुलाबी डाग राहतात. ते होजच्या क्लॅम्पांजवळ, रेडिएटरच्या जोडांवर आणि पंपाच्या खालच्या बाजूस शोधावे लागतात. पंपाच्या अंगावर मुद्दाम ठेवलेले एक छोटे छिद्र असते. त्यातून पाणी झिरपत असेल तर पंपाचे आतील सील गेले आहे असे समजतात. पंखा हाताने हलवून पाहिल्यास बेअरिंगमधील ढिलेपणाही कळतो. व्ही आकाराचा पट्टा अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा, असा स्थूल नियम आहे. नेमके माप त्या गाडीच्या पुस्तिकेत असते.

गाडीखाली थेंब नसतानाही पाणी कमी होत असेल तर केबिनमधील हीटरकडे लक्ष द्यावे. हीटरचा गाभा गळत असल्यास पायाखालची चटई ओली होते, समोरच्या काचेवर आतून चिकट धुके जमते आणि गोडसर वास येतो. तेथेही काही सापडले नाही तर पाणी सिलिंडरात जात असण्याची शक्यता वाढते.

यंत्रणेत दाब भरण्याचा हातपंप गॅरेजमध्ये असल्यास झाकणाच्या क्षमतेइतका दाब देऊन तो टिकतो का ते पाहतात. त्याच उपकरणाने झाकणही तपासता येते. व्हिस्कस क्लचची ढोबळ परीक्षा सोपी आहे. गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने फिरवला असता त्याने स्पष्ट विरोध केला पाहिजे. तो भिंगरीसारखा फिरत राहिला किंवा क्लचच्या मध्यावर तेलाची ओल दिसली, तर क्लच निकामी आहे. ही परीक्षा इंजिन पूर्ण बंद करून, किल्ली काढूनच करावी. विजेचा पंखा असलेल्या गाड्यांत तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

रेडिएटर

जुन्या गाडीतील अतितापनाचे मूळ बहुतांशी रेडिएटरपाशी येऊन थांबते. तो बाहेरून आणि आतून अशा दोन्ही बाजूंनी तुंबतो.

बाहेरून तुंबणे वरवर दिसत नाही. वातानुकूलन असलेल्या गाडीत रेडिएटरच्या पुढे त्याचा कंडेन्सर असतो आणि दोहोंमध्ये बोटभर फट असते. समोरून पाहताना कंडेन्सर स्वच्छ दिसतो. मागच्या फटीत मात्र धूळ, कीटक, कापसाचे तंतू, उसाच्या पाचटाचे तुकडे आणि वाळलेला चिखल यांची गोधडीसारखी जाड तह जमलेली असते. गाडी पाण्याने धुताना समोरून मारलेला फवारा हा कचरा आणखी आत दाबतो. रेडिएटरचे वरचे बोल्ट सोडून तो थोडा मागे कलवणे आणि इंजिनाच्या बाजूकडून पुढच्या दिशेने हलक्या दाबाचे पाणी मारणे हाच योग्य मार्ग होय. जास्त दाबाने पातळ पत्रे वाकून हवेची वाट कायमची बंद होते. पुढील जाळीवर लावलेले जादा दिवे, फलक वा जड लोखंडी गार्डही हवा अडवतात. असे गार्ड पादचाऱ्यांना घातक ठरतात, म्हणून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ मध्ये ते बेकायदा असल्याचे राज्यांना कळवले होते. शीतलनाच्या दृष्टीनेही ते काढलेले बरे.

आतून तुंबण्यास मुख्यतः साधे पाणी कारणीभूत असते. दख्खनच्या पठारावरील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. ते तापले की कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार नळ्यांच्या आणि इंजिनातील पोकळ्यांच्या भिंतींवर चढतात. घरातील पाणी तापवण्याच्या बंबात जमणारी पांढरी पुटे ती हीच. या थराची उष्णतावाहकता धातूपेक्षा कितीतरी पटींनी कमी असल्याने पातळ थरही मोठा अडसर ठरतो. गंजाचा चिखल त्यात मिसळतो आणि खालच्या नळ्या आधी बंद पडतात.

तुंबलेला भाग ओळखण्यासाठी अवरक्त तापमापक उपयोगी पडतो. गरम इंजिनावर रेडिएटरच्या पृष्ठभागाचे तापमान ठिकठिकाणी मोजावे. पाणी शिरते तेथून निघते तेथपर्यंत ते क्रमाने उतरत गेले पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला, तर तेथील नळ्यांतून पाणी वाहत नाही. असा तांबे-पितळी रेडिएटर गॅरेजवाले टाकी उघडून नळ्यांतून सळ्या फिरवून साफ करतात. या कामास रॉडिंग म्हणतात. नळ्यांची भिंत गंजून पातळ झालेली असेल तर रॉडिंगनंतर गळती सुरू होते, म्हणून फार जुन्या गाभ्यावर हा खर्च करावा की नवा गाभा घालावा याचा विचार आधीच करणे योग्य.

रेडिएटरची बारीक गळती थांबवण्यासाठी त्यात हळद टाकण्याची प्रथा भारतभर प्रचलित आहे. भिजून फुगलेली हळद छिद्रात अडकते व गळती काही काळ थांबते, हे खरे आहे. निर्जन रस्त्यावरून गावापर्यंत पोहोचण्यापुरता त्या उपायाचा उपयोग नाकारता येत नाही. परंतु हळद चांगल्या आणि वाईट नळ्यांत भेद करत नाही. गळती थांबवणाऱ्या तयार रसायनांचीही तीच मर्यादा आहे. अशी तात्पुरती सोय केल्यास पुढील काही दिवसांतच यंत्रणा धुऊन काढणे आवश्यक ठरते.

थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅटच्या डबीतील मेण ठरावीक तापमानास, बहुधा ८२ किंवा ८८ अंशांना, वितळू लागते आणि प्रसरण पावून झडप उघडते. तो तपासण्यासाठी दोरीने बांधून तापमापकासह पातेल्यातील पाण्यात सोडतात आणि पाणी तापवतात. अंगावर छापलेल्या अंकाजवळ तो उघडू लागला पाहिजे आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे.

‘आपल्या उष्ण हवामानात थर्मोस्टॅटची गरज नाही’ या समजुतीने तो कायमचा काढून टाकण्याची पद्धत गॅरेजांत रुजलेली आहे. ती चुकीची आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याची दुसरी तबकडी बायपास मार्ग बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर हा मार्ग कायम उघडा राहतो आणि गरम द्रवाचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो. अशा रचनेत गाडी थंडीत नीट तापत नाही आणि घाटात मात्र अधिक तापते. याशिवाय इंजिन कायम अपुऱ्या तापमानावर चालल्याने इंधन जास्त लागते, डिझेल इंजिन धूर सोडते आणि सिलिंडरांची झीज वाढते. थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी ‘फार वेगाने’ फिरते व त्यामुळे त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही, हे प्रचलित स्पष्टीकरणही बरोबर नाही. प्रवाह वाढला की रेडिएटरमध्ये उष्णतेचे वहन एकूणात वाढतेच. दोष वेगाचा नसून बायपासचा असतो.

हेड गॅस्केट व सिलिंडर हेड

ॲल्युमिनियम हे बिडाच्या साधारण दुपटीने प्रसरण पावते. बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड असलेले इंजिन अति तापल्यास बोल्टांनी जखडलेले हेड फुगते, वाकते आणि मधले गॅस्केट चिरडले जाते. त्यानंतर ज्वलनवायू पाण्याच्या मार्गात शिरतात. ते तेथे बुडबुडे व जादा दाब निर्माण करतात, पाणी बाहेर ढकलले जाते आणि गाडी आणखी तापते. म्हणजे अतितापनाने गॅस्केट जाते आणि गेलेल्या गॅस्केटमुळे अतितापन होते. यांपैकी आधी काय घडले हे न शोधता केवळ गॅस्केट बदलल्यास काही महिन्यांतच ते पुन्हा जाते.

थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक होणे, डब्यात सतत बुडबुडे येणे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघत राहणे आणि तेलाला दुधाळ रंग येणे ही याची लक्षणे आहेत. पावसाळ्यात लहान अंतर धावणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली दवामुळेही दुधाळ फेस जमतो. त्यावरून निष्कर्ष न काढता तेलमापक पट्टीवरील तेल पाहावे. निश्चितीसाठी रासायनिक चाचणी उपलब्ध आहे. रेडिएटरच्या तोंडाशी जमलेली हवा निळ्या निर्देशक द्रावातून ओढली असता त्याचा रंग पिवळा वा हिरवट झाला, तर तीत ज्वलनातून आलेला कार्बन डायॉक्साइड आहे.

हेड उतरवल्यावर त्याची सपाटी सरळपट्टी व फीलर गेजने मोजतात. मर्यादेत वाकलेले हेड मशीनवर फेसिंग करून सपाट केले जाते. हेडवर तडा आहे का हे दाब देऊन तपासण्याचा खर्च वाचवण्याकडे अनेकांचा कल असतो. संपूर्ण कामाच्या मानाने तो खर्च किरकोळ असतो आणि तो टाळू नये.

एक उदाहरण : जीप चेरोकी

१९८४ ते २००१ या काळात अमेरिकेत विकली गेलेली जीप चेरोकी, जिचा अंतर्गत संकेत एक्सजे असा होता, अतितापनाच्या संदर्भात वाहनप्रेमींमध्ये विशेष चर्चिली जाते. १९८७ पासून तीत ४ लिटरचे सरळ सहा सिलिंडरांचे इंजिन मिळू लागले. गाडीचा पुढचा भाग अरुंद असल्याने रेडिएटर रुंद पण बुटका आहे आणि त्यामागे एक पट्ट्यावरचा व एक विजेचा असे दोन पंखे शेजारी शेजारी बसवलेले आहेत. विजेचा पंखा बंद पडला तरी बराच काळ कोणाच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात गाडी कोंडीत सापडते तेव्हाच ते उघड होते.

१९९० पर्यंतच्या चेरोकीत रेडिएटरला झाकणच नव्हते. दाब राखणारे झाकण इंजिनकक्षातील वेगळ्या प्लास्टिकच्या बाटलीवर होते. ही बाटली वयानुसार तडकते. १९९१ पासून नेहमीची, झाकण रेडिएटरवरच असलेली रचना आली. दुसरा बारकावा पंपाचा आहे. सर्पाकृती पट्ट्याच्या रचनेत हा पंप जुन्या व्ही पट्ट्याच्या इंजिनांच्या उलट दिशेने फिरतो. दोन्ही पंप दिसायला सारखे असल्याने चुकीच्या दिशेचा पंप बसवला गेला, तर गळती नाही, आवाज नाही, पण प्रवाह क्षीण, असा बुचकळ्यात टाकणारा दोष निर्माण होतो. शेवटच्या दोन वर्षांतील, ०३३१ या ओतीव क्रमांकाच्या काही हेडना तिसऱ्या व चौथ्या सिलिंडरांच्या दरम्यान तडे जातात. तेव्हा त्या वर्षांच्या गाडीत पाणी नाहीसे होत असेल, तर रेडिएटर बदलण्याआधी तेल पाहणे शहाणपणाचे ठरते.

वाटेत गाडी तापल्यास

काटा चढू लागताच वातानुकूलन बंद करावे आणि हीटर पूर्ण उघडून त्याचा पंखा जोरात चालू करावा. हीटरचा गाभा हा छोटा रेडिएटरच असल्याने काही उष्णता त्यातून निघून जाते. खंबाटकी, कसारा किंवा आंबोलीसारख्या घाटांत उंच गिअरमध्ये इंजिन गुदमरवत चढण्याऐवजी खालचा गिअर घ्यावा. पंप आणि पंखा इंजिनाच्या गतीने फिरत असल्याने पाणी व हवा दोन्ही वाढतात. एवढ्याने काटा उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबावे. शीतलक शाबूत असेल तर इंजिन काही क्षण मंद गतीवर चालू ठेवणे चांगले. वाफ बाहेर येत असेल, पाणी सांडले असेल किंवा काटा तांबड्यात असेल तर ते तत्काळ बंद करावे.

गरम रेडिएटरचे झाकण उघडणे हा या विषयातील सर्वांत गंभीर धोका आहे. दाब जाताच शंभर अंशांहून अधिक तापलेला द्रव क्षणात उकळून कारंज्यासारखा उसळतो आणि चेहरा व हात गंभीर भाजतात. झाकणावर फडके धरल्याने हा धोका टळत नाही. किमान अर्धा ते पाऊण तास थांबावे, वरचा होज दाबून मऊ झाल्याची खात्री करावी आणि मगच झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवून उरलेला दाब जाऊ द्यावा. तापलेल्या इंजिनावर किंवा रिकाम्या रेडिएटरमध्ये एकदम गार पाणी ओतू नये, त्याने ब्लॉक वा हेड तडकू शकते.

शीतलक भरणे व त्याची विल्हेवाट

दुरुस्तीनंतर पुन्हा तापणाऱ्या गाड्यांपैकी अनेकींत केवळ हवा अडकलेली असते. गाडीचे नाक चढावर करून, हीटर उघडा ठेवून, झाकण काढलेल्या थंड इंजिनात सावकाश शीतलक भरतात. इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पातळी पुरी करत राहतात आणि मग झाकण लावतात. हवा काढण्याचा वेगळा स्क्रू असल्यास त्यातून अखंड धार येईपर्यंत तो उघडा ठेवतात. पुढील दोन-तीन दिवस थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी लागते.

साधे पाणी मिश्रणापेक्षा थोडी अधिक उष्णता वाहून नेते, हे खरे असले तरी ते आधी उकळते आणि गंज चढवते. म्हणून उष्ण प्रदेशातही शुद्धजल व शीतलक यांचे शिफारस केलेले मिश्रणच वापरावे. शीतलकाचा रंग हे त्याच्या प्रकाराचे खात्रीशीर चिन्ह नाही, वेगवेगळे उत्पादक एकच रंग वेगवेगळ्या रसायनांना देतात. विसंगत प्रकार एकत्र आल्यास त्यांचा लगदा होऊन नळ्या तुंबू शकतात. आधी काय भरले आहे ते ठाऊक नसेल तर यंत्रणा पूर्ण रिकामी करून धुणे आणि मगच नवे शीतलक भरणे इष्ट.

एथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. सांडलेले शीतलक चाटल्याने कुत्री-मांजरे मरतात आणि लहान मुलांनाही त्यापासून गंभीर विषबाधा होऊ शकते. काढलेला द्रव गटारात, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नये. तो झाकणबंद कॅनमध्ये साठवून, वापरलेले तेल व रसायने स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे किंवा अधिकृत संकलकाकडे द्यावा. कॅन पिण्याच्या पाण्याच्या बाटलीसारखा दिसणारा नसावा आणि त्यावर आत काय आहे ते ठळक लिहिलेले असावे.